रिंग चार बोटं वर

माझी मोठी बहीण संघप्रिया चेन्नईच्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघातून खेळते. परभणीच्या शाळेत खेळाच्या सरांनी तिची उंची पाहून हातात चेंडू दिला. तिथून पुण्याचं क्रीडा वसतिगृह, मग भारताचा संघ, मग चेन्नई. ती भारताकडून पहिल्यांदा खेळली, त्या वर्षी आमच्या झरी गावाने विहारामागे सिमेंटचं अर्धं मैदान केलं. अर्धं, म्हणजे रिंग एकच.

यंदा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताई गावी आली. जुना करार संपला होता. संघाच्या प्रशिक्षक भक्ती मॅडम मूळच्या नागपूरच्या, बोलायला रोखठोक. "पळणं डॉक्टरांनी तपासलंय. मला तुझा नेम बघायचाय. रविवारी व्हिडिओ कॉलवर लांबून मारून दाखव, मग कराराचं बोलू," असं त्यांनी सांगितलं. ताई तिशी ओलांडलेली. या संघाने नको म्हटलं, तर दुसरा विचारणार नव्हता.

आणि ताईचा नेमच लागत नव्हता. लांबून मारलेला चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आदळून परत यायचा.

"गुडघ्यातून जोर येईना रे," ती मला म्हणाली.

आई मैदानाच्या कडेला तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. "जोर कुठून येईल? तिकडं नुस्ता भात खातीस. भाकर खा."

"भाकरीनं गुडघा बरा झाला असता तर डॉक्टर कशाला लागला असता, आई?"

"मग त्या डॉक्टरलाच म्हनावं, ये अन् टाक बॉल."

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. घरात त्याचा उपयोग मिक्सर दुरुस्त करण्यापुरता मानला जातो. पण मला एक गोष्ट खटकत होती. पायाचा जोर कमी पडला, तर चेंडू कधी आखूड पडेल, कधी वाकडा जाईल. ताईचा चेंडू सरळ जात होता आणि दर वेळी सारखाच आखूड पडत होता. मी बाजूने मोबाइलवर तिचा व्हिडिओ संथ गतीत घेतला आणि तिच्या जुन्या सामन्याच्या व्हिडिओशी ताडून पाहिला. चेंडू सुटण्याचा कोन तोच, वेगही जवळपास तोच.

"ताई, तुझ्यात काहीच बदललेलं न्हाई," रविवारी सकाळी मी म्हणालो. "रिंग बदलली असंल."

"रिंग? तिला काय ऑपरेशन झालंय?"

मी शिडी आणि टेप घेऊन आलो. आमचे शेजारी व्यंकटराव काका रोजच सराव बघायला येत. मैदानासाठी गावभर फिरून वर्गणी त्यांनीच गोळा केली होती. टेप पाहताच ते घाईने पुढे आले.

"सिद्धोधन, टेप कशाला रे? रिंग काय ऊस हाय वाढायला?"

रिंग दहा फुटांवर हवी. ती चार बोटं वर निघाली. मी खाली पाहिलं. काका पागोटं सारखं करायला लागले.

"काका?" ताई म्हणाली.

"आता काय सांगू माय. औंदा सोयाबीनची मळणी हितंच केली. सिमेंटवर माती लागत न्हाई, सगळं गाव हितंच करतंय. पर मळणीयंत्राची नळी रिंगला अडायली. मग बोर्डाचे बोल्ट एक छिद्र वर घेतले. म्हनलं, चार बोटांनी काय होतंय?"

"अन् मी हितं रोज गुडघ्याला शिव्या देत होते, तवा तुमी गप बसले?"

"मला काय ठावं त्याच्यानं होतंय? मला वाटलं तुझा गुडघाच गेला. मी तर दत्ताला नारळ बोललो."

ताई आधी रागाने बघत राहिली आणि मग इतकी हसली, की तिला खांब धरावा लागला. लांबून येणारा चेंडू तिरका उतरतो, त्यामुळे रिंग जेवढी वर जाते, जवळपास तेवढाच तो आखूड पडतो, असं मी समजावत होतो. कुणी ऐकत नव्हतं. काकांनी ट्रॅक्टरची ट्रॉली खांबाला लावली, स्वतः वर चढले आणि पाना मागितला.

संध्याकाळी कॉल लागला तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. मी मोबाइल धरून उभा होतो. ताईने पहिला चेंडू मारला. तो रिंगच्या मागच्या कडेवर आदळला. दुसराही तसाच. पुन्हा आखूड पडू नये म्हणून ती आज जास्तच जोर लावत होती, हे माझ्या ध्यानात आलं, तिच्याही आलं.

"लांब जातोय," मॅडम म्हणाल्या. "ताकद जास्त लावतेयस. गुडघा दुखत नाही ना?"

"न्हाई मॅडम. जोर लय झालाय," ताई म्हणाली.

तिने चेंडू दोनदा जमिनीवर आपटला, श्वास सोडला आणि मनगट थोडं सैल करून मारला. जाळी सळसळली. पुढचा गेला. त्याच्या पुढचाही गेला. मग ती उजवीकडून, डावीकडून, पळत येऊन मारत सुटली. लोक प्रत्येक चेंडूला ओरडू लागले आणि मॅडमचा आवाज मला मोबाइल कानाला लावून ऐकावा लागला.

"काय म्हणाल्या?" ताईने धापा टाकत विचारलं.

"गुरुवारी पोच म्हणाल्या. करार तयार ठेवते म्हणाल्या."

ताईने चेंडू काकांच्या पोटाशी फेकला. "चला काका, अडवा मला."

काकांनी चेंडू टाकून धोतर खोचलं आणि दोन्ही हात पसरून वाट अडवली. ताईने चेंडू उचलला, डावीकडे जाण्याचा आव आणला, ऑपरेशन झालेल्या पायावर गर्रकन वळली आणि उजवीकडून निघून गेली. काका अजून डावीकडेच अडवत होते.