ठमीच्या गोचिडी

डॉक्टरीणबाईंचा अर्धा जन्म गोचिडी मारण्यासाठी गोचिडी पाळण्यात गेला होता. काचेच्या नळ्यांत त्यांची अंडी जपायची, ऊब द्यायची, पिल्लं निघाली की जनावराच्या अंगावर सोडायची आणि मग ती मरतात का ते बघत बसायचं. नवरा म्हणायचा, "तुझ्यापेक्षा गोचिडी परवडल्या. पोट भरलं की सोडतात तरी." पहिल्या वर्षी बाई यावर हसल्या होत्या. आता हसायचाही कंटाळा आला होता.

लसीची कल्पना तशी साधी. लस गाईला टोचायची, तिचा असर रक्तात उतरतो, गोचीड ते रक्त पिते आणि तिचंच आतडं फाटतं. चावायची ती चावतेच, पण फुगून अंडी घालायला उरत नाही. कागदावर सगळं झकास होतं. गोठ्यात मात्र तीनदा तोंडावर आपटून झालं होतं, आणि साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं की या खेपेला फरक दिसला नाही तर काम बंद.

गोठ्यात सहा कालवडी होत्या. तिघींना लस टोचली होती, तिघींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे बाईंनी गोठ्यातल्या मावशींना मुद्दामच सांगितलं नव्हतं. मावशी शेण काढायच्या, चारा टाकायच्या आणि कालवडींशी दिवसभर गप्पा मारायच्या.

आज मोजणी होती. बाईंनी एकेकीच्या कानामागे, मानेखाली, शेपटीखाली बोटं फिरवली. सगळ्या जवळपास सारख्याच स्वच्छ. लसवाल्या स्वच्छ हे ठीक, पण पाणीवाल्याही? बाई चाऱ्याच्या पेंढीवर मटकन बसल्या. इतकी वर्षं पाण्यात गेली, आणि त्यांना रडूही येईना.

"चहा आणू का?" मावशींनी विचारलं. "तुमचा चेहरा बघवत नाही."

"नको. मावशी, यांच्या अंगावर काही औषध मारलंत का?"

"औषध कशाला मारू? तुम्हीच नको म्हणाला होतात ना." मावशी जरा घुटमळल्या. "हातानं काढल्या तेवढ्या."

"काढल्या?"

"मग काय करणार? ही ठमी सारखी खांबाला अंग घासायची. पोरीच्या डोक्यातल्या उवा काढतो तशा काढल्या रोज दुपारी. काही चुकलं का?"

सगळा बट्ट्याबोळ झाला होता. पण ओरडायलाही अंगात ताकद लागते, आणि ती बाईंकडे उरली नव्हती. "सगळ्यांच्या काढल्या?" त्यांनी विचारलं.

"छे, सगळ्यांच्या कशाला? ठमी, ती कानतुटकी आणि ती दारातली. यांच्याच अंगावर टम्म फुगायच्या. बाकीच्या तिघींच्या आपोआप वाळून गळतात की. त्यांना हात लावायची वेळच आली नाही."

बाईंनी वही उघडून यादी पाहिली. ठमी, कानतुटकी आणि दारातली. तिघीही पाण्याच्या.

म्हणजे लस चालत होती. इतक्या वर्षांनी एकदाची चालत होती, आणि दाखवायला हातात काहीच नव्हतं. मावशींनी काढून फेकलेल्या गोचिडी आता कुठल्या तक्त्यात मांडणार?

बाहेर जाऊन त्यांनी साहेबांना फोन केला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शेवटची संधी. नवी जनावरं मिळणार नाहीत, आहेत त्यांच्यावरच करा. आणि या वेळी कोणाचा हात लागता कामा नये."

"पुन्हा करायचंय," बाईंनी मावशींना सांगितलं. "तुमच्या त्या बाकीच्या तिघींना लस आहे. ती लागू पडतेय."

"मग ठमीलाही टोचा की."

"तिला टोचलं तर फरक कोणाशी ताडून बघायचा?"

मावशींनी ठमीकडे पाहिलं. मग गोठ्याची किल्ली बाईंच्या हातात ठेवली. "मला दुसरं काम द्या, बाई. माझ्याच्यानं हे बघवायचं नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच बाईंना ते जास्त लागलं.

तेव्हापासून गोठ्यात बाईच बसू लागल्या. नव्या गोचिडी चिकटल्या आणि हळूहळू फुगू लागल्या. एका दुपारी ठमी दाव्याला ताण देत बाईंजवळ आली, मान लांब केली आणि त्यांच्या मांडीवर ठेवून डोळे मिटले. मावशींनी लावलेली सवय. तिच्या गळ्याखाली टम्म फुगलेल्या गोचिडींची रांग बाईंना स्पष्ट दिसत होती.

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. ठमी तशीच वाट बघत राहिली.