पाइनमोर, हॅडली आणि नंदकुमारची बदली

२००५ च्या जूनमध्ये नंदकुमारने आयर्लंडमधल्या ॲथलोनहून डब्लिनच्या चेरीवूड ऑफिसात बदली मागितली. त्या अर्जाचा अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलशी काही संबंध आहे, असं कोणी म्हटलं असतं तर त्याने त्याला वेड्यात काढलं असतं. बदली हवी होती ती बायकोसाठी. शुभदा डब्लिनमधल्या टॅलाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, तिला दिवस जाऊन नुकतेच दोन महिने झालेले, आणि हा शुक्रवारी बसने जाऊन रविवारी परतणारा नवरा. पण तीन महिने भरेपर्यंत बाहेर बोलायचं नाही, अशी पुण्याहून सासूबाईंची सक्त ताकीद होती. म्हणून कारणाच्या रकान्यात त्याने ‘करिअर ग्रोथ’ लिहून टाकलं.

सप्टेंबर उजाडला तरी अर्ज हलेना. शेवटी एचआरमधल्या ग्रॉन्याने आतली गोष्ट सांगितली. ॲथलोनचे साहेब बॉइड हे पाइनमोर विद्यापीठात शिकलेले आणि चेरीवूडचे साहेब व्हिटेकर हे हॅडलीत. दोन्ही विद्यापीठं अमेरिकेच्या दक्षिणेतली, साठ मैलांच्या अंतरावरची, आणि शंभराहून जास्त वर्षं हाडवैरी. बॉइडना आपला माणूस हॅडलीवाल्याकडे जाऊ द्यायचा नव्हता. ग्रॉन्याला यात काहीच नवल वाटलं नाही. इथल्या वेस्टमीथ आणि ऑफली या शेजारी परगण्यांचंही असंच असतं म्हणे.

नंदकुमारचं कामच मुळी यंत्रांतले दोष शोधायचं. दोषाला मूळ असतंच, या श्रद्धेने त्याने इंटरनेटवर या वैराचा इतिहास उकरला आणि डोक्याचा भुगा करून घेतला. १८९३ च्या पहिल्या सामन्यात चेंडूच फुटला. १९०८ मध्ये हॅडलीच्या पोरांनी पाइनमोरची घंटा पळवली. १९३१ चा सामना दाट धुक्यात झाला आणि तो आपणच जिंकलो असं दोन्हीकडच्या पुस्तकांत छापलेलं. शिवाय याला फुटबॉल म्हणावं, तर चेंडू सगळा वेळ हातात. त्याने हे सगळं फोनवर शुभदाला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि साहेबांना खरं कारण सांगितलंस का, एवढंच विचारलं. घरचं ऑफिसात कशाला न्यायचं, असं म्हणून त्याने विषय बदलला. तीन महिने तर केव्हाच उलटून गेले होते.

नोव्हेंबरात दोन्ही साहेबांनी पैज लावली. हॅडली जिंकलं तर नंदकुमार चेरीवूडला, पाइनमोर जिंकलं तर आणखी वर्षभर इथेच. बॉइडनी हे त्याला हसत हसत सांगितलं, आणि हा बावळटही इथल्या लोकांसारखं ‘ग्रँड, ग्रँड’ म्हणत हसला.

सामन्यासाठी त्या शुक्रवारी नंदकुमार डब्लिनला गेलाच नाही. शनिवारी संध्याकाळी पाचला बॉइडच्या घरी डिशवर सामना लागला. एका बाजूला तांबड्या टीशर्टातले व्हिटेकर, दुसऱ्या बाजूला हिरवे बॉइड, मध्ये नंदकुमार. आठवा महिना लागलेल्या बायकोजवळ राहायला मिळणार की नाही ते समोर ठरत होतं, आणि त्याला काही म्हणता काही उमगत नव्हतं. माणसं एकमेकांवर कोसळत, शिट्टी वाजे, मग सगळे नुसतेच उभे राहत. कोणी सुसाट पळाला म्हणून टाळी वाजवावी, तर तो नेमका पाइनमोरचा निघे. बॉइड उठून नाचायला लागले तेव्हा कुठे त्याला निकाल कळला. व्हिटेकर मुकाट्याने जाकीट चढवू लागले.

“तुझं तोंड का उतरलंय? हॅडलीवाला आहेस की काय?” बॉइडनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

“माझी बायको टॅलाला असते,” नंदकुमार म्हणाला. “जानेवारीत बाळ होईल. आठवडाभर ती एकटीच असते.”

बॉइडनी टीव्ही बंद केला. व्हिटेकर एक हात जाकिटात घालून तसेच थांबले.

“तू लिहिलं होतंस करिअर ग्रोथ,” बॉइड म्हणाले. “मला वाटलं, तुला आम्ही कमी पडतोय. हे जूनमध्ये बोलला असतास, तर जूनमध्येच सही केली असती. सोमवारपासून तिकडे जा.”

व्हिटेकरांनी लगेच मान डोलावली. आभार मानायचे की माफी मागायची, हे नंदकुमारला कळेना. तो फोन घेऊन दाराबाहेर आला. बदली झाली, हे शुभदाला सांगणं सोपं होतं. पण कशी झाली, असं ती विचारणारच होती. आणि पाच महिने आपल्याला एकटं कोणी ठेवलं, हे त्या उत्तरातच तिला कळणार होतं.