चुकीच्या नंबरचा दाखला

विजी तिसऱ्यांदा काउंटरवर आली होती आणि तिसऱ्यांदाही तिला तेच ऐकावं लागलं.

"म्बाक," काउंटरवरची मुलगी ताई म्हणावं तसं म्हणाली, "मेसेज येतात म्हणजे नंबर तुम्हीच कुठेतरी दिला असणार. आम्ही तपासलं. आमच्याकडून काही जात नाही."

"अहो, त्या साइटवर मी नावसुद्धा लिहिलं नव्हतं, नंबर कशाला देईन?"

मागच्या प्रिंटरवरून कागद न्यायला आलेली नास्तिती थबकली. सुराबायाच्या या मोबाइल कंपनीत नेटवर्कचं काम ती सात वर्षं करत होती. तिने काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "तपासलं कुठे बसून?"

"इथेच. ऑफिसच्या वायफायवर."

नास्तितीने कपाळावर हात मारला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते हे असं. वायफायवरचं काहीही प्रॉक्सीतून जात नाही. प्रॉक्सी हे मधलं यंत्र. गिऱ्हाइकाने मोबाइलच्या नेटवरून कुठलंही पान मागितलं की मागणी आधी तिथे येते. तिथे एक नियम मागणीच्या माथ्यावर गिऱ्हाइकाचा नंबर चिकटवतो. तो नियम नास्तितीनेच लिहिला होता, तोही फक्त गाणी विकणाऱ्या एका साइटसाठी.

ती विजीला पार्किंगमध्ये घेऊन गेली. वायफाय बंद केलं आणि स्वतःच्या फोनवर चाचणीचं पान उघडलं. फोनने काय काय पाठवलं ते या पानावर दिसायचं. तिचा स्वतःचा नंबर तिथे पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत झळकत होता. या पानाचा गाण्यांशी काडीचा संबंध नव्हता.

"म्हणजे सगळीकडे जातोय," ती पुटपुटली. एप्रिलमध्ये तिचे वरिष्ठ गुनादीसाहेब म्हणाले होते, पाहुण्यांना दाखवायला तो नियम संध्याकाळपुरता सगळ्या साइटना खुला कर, बंद करायचं मी बघतो. तिने खुला केला होता. आता ऑगस्ट उजाडला होता.

विजीने मान खाली घालून सांगितलं. दोन मुलं मेलेलीच जन्माला आली. तिसऱ्या खेपेला तू उरणार नाहीस, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. सासूला नातू हवा, म्हणून दर तीन महिन्यांनी ती चोरून इंजेक्शन घेते. घरच्यांना ते कशावरून कळतं का, एवढंच तिने एका साइटवर विचारलं होतं. तेव्हापासून मेसेज येत होते: "घरच्यांना न कळता गर्भनिरोधक इंजेक्शन? आमच्याकडे या."

"काल सासूबाईंनी एक वाचला. शनिवारी नवरा लेबारानच्या ईदला घरी येतोय. त्याच्यासमोर सांग म्हणाल्या. तो तलाकच देईल, म्बाक."

नास्तिती तडक गुनादीच्या केबिनमध्ये शिरली. टेबलावर भेटीच्या बिस्किटांच्या टोपल्यांचा डोंगर होता. तिने सगळं सांगितलं.

"लेबारान होईपर्यंत नेटवर्कला हात लावायचा नाही, माहीत आहे ना? दरवर्षीचा नियम आहे."

"बापाक, अहो साहेब, लोकांची अब्रू जातेय!"

"रोजा आहे ना तुझा? रागावलं की पुण्य जातं."

"जाऊ दे!" ती ओरडली. जागेवर जाऊन तिने नियम पुन्हा त्या एका साइटपुरता केला.

दहा मिनिटांत गुनादीचा फोन वाजला. दार उघडंच होतं. "हो, हो, नंबर येणं थांबलंय, कळलं मला. लगेच बघतो."

नास्तितीच्या पायाखालची जमीन सरकली. नियम बंद करायला कुणी विसरलं नव्हतं. चार महिने जाहिरातवाल्यांना मुद्दाम नंबर पुरवले जात होते, आणि तिच्या हाताने लिहिलेल्या ओळीतून.

"आता पुन्हा उघडलात, तर थेट मंत्रालयात जाईन," ती दारातून म्हणाली. "आणि या बाईला आत्ता लेखी द्यायचं, की नंबर कंपनीने दिला."

तिने कागद स्वतःच टाइप केला, काही न लपवता: गिऱ्हाइकाने नंबर दिलेला नाही, तिने पाहिलेल्या साइटला तो आम्ही पाठवला. सही ठोकून तो विजीच्या हातात दिला.

विजीने दोनदा वाचला आणि परत केला.

"हा घरी कसा दाखवू? यात मी साइट पाहिली असं लिहिलंय."

"पण खरं तेच आहे ना!"

"खरं मला ठाऊक आहे. मला शनिवारपर्यंत खोटं पाहिजे." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "चुकीच्या नंबरवर मेसेज गेले, या बाईने कुठली साइट पाहिली नाही, असं लिहा. शिक्क्यासकट."

"कंपनीवाले तेच माझ्याविरुद्ध वापरतील. उद्या मी तक्रार केली, तर हाच कागद पुढे करतील."

"करतील की," विजी म्हणाली. "तुमची नोकरी जाईल. माझं काय काय जाईल?"

नास्तितीला तिचाही राग आला, आणि तो आल्याची शरम त्याहून जास्त वाटली. तिने पहिला कागद फाडला आणि दुसरा टाइप केला. त्यात चूक चुकीच्या नंबरची होती आणि कंपनी धुतल्या तांदळासारखी होती.

गुनादीने वाचला. मग पुन्हा एकदा, चवीने वाचला.

"हे बघ, असं लिहावं," तो म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या हाताने शिक्का मारला. "एक प्रत आपल्याकडेही ठेव."