गच्चीवर उतरलेला परका पारवा

मित्रांनो, मी एक म्हातारा पारवा आहे. कैरो शहरातल्या इंबाबा वस्तीत, एका गच्चीवरच्या लाकडी खुराड्यात राहतो. एका जागी बसणं मला कधीच जमलं नाही. आत्ताही पंख शिवशिवताहेत.

हे खुराडं आमच्या मालकाने, बयूमी सुताराने, स्वतः ठोकलं. दुपार कलली की तो लाल निशाण फिरवी, शीळ घाली आणि आमचा थवा आभाळात घुसे. दुसऱ्या थव्यातला पारवा चुकून आमच्याकडे उतरला, की बयूमी झटकन जाळं टाकी. इथली रीतच ती, उतरला तो आपला. थव्याच्या पुढे मी असे. बयूमी मला हातावर घेऊन म्हणे, "हा माझा सेनापती!"

मग एका हिवाळ्यात निशाण फिरेनासं झालं. बयूमी वर येई, दाणे टाकी आणि भिंतीला टेकून बसे. जेवण नको, बोलणं नको. "मी कुणाच्याच कामाचा नाही," एवढंच पुटपुटे. कारण त्यालाही सापडत नव्हतं. आम्ही जाळीच्या दारावर चोची आपटत राहिलो. एकदा तो बायकोला म्हणाला, "येत्या शुक्रवारी सगळे बाजारात नेतो." माझ्या वयाचा पारवा पाळायला कोण घेणार? आमच्या पोटात भात भरून भाजतात.

त्याची बायको इन्साफ त्याला दवाखान्यात घेऊन गेली. परतला तो कुरकुरतच.

"गोळ्या दिल्यात, ठीक आहे. पण रोज दहा मिनिटं श्वास बघा म्हणे! वाईट विचार आला तर येऊ द्या, जाऊ द्या. श्वास काय बघायची वस्तू आहे?"

"अहो सनियाचे बाबा, दोन-दोन तास रिकामं आभाळ बघायचात, तेव्हा नाही विचारलंत!" इन्साफ म्हणाली.

तो गच्चीवर बसू लागला. मिनिटभरात उठे, येरझारा घाली. "विचार येतो, पण जातच नाही," तो वैतागला.

"कसा जाईल? तुम्ही पडलात पारवेवाले. उतरला की पकडता, वर दाणे घालता!" इन्साफ म्हणाली.

गुरुवारी शेजारच्या झकीचा पांढरा पारवा आमच्या कठड्यावर उतरला. बयूमीचा हात जाळ्याकडे गेला, आणि थांबला. तो नुसता बघत राहिला. पांढऱ्याने मान वळवली, तो पाणी प्यायला आणि उडून गेला.

पलीकडून झकी ओरडला, "काय रे, आजारी-बिजारी आहेस का? हातचा सोडलास!"

"आजारी आहे म्हणूनच सोडला!"

किती महिन्यांनी त्याचा आवाज गच्ची ओलांडून गेला! मग त्याने आमचं दार उघडलं.

शुक्रवारी आम्हाला बाजारात न्यायचे पिंजरे रिकामेच राहिले. मित्रांनो, बयूमी एका दिवसात बरा झाला नाही. गोळ्या चालू आहेत, आणि काही दिवस निशाण अजूनही कोपऱ्यातच पडून असतं. पण तो दहा मिनिटं चुकवत नाही. तुमच्या घरात कुणी असं गप्प झालं, तर 'हस की जरा' म्हणू नका. शेजारी बसा, मोठ्यांना सांगा, दवाखान्यात सोबत जा. आणि तसा विचार तुमच्याच मनात उतरला, तर लगेच जाळं उचलू नका.

तो पांढरा अजून येतो. आम्ही सरकून त्याला जागा देतो. दाणा मात्र कुणी टाकत नाही.