लंकाबाईने मोडलेली घडी

"नवी हाय की ही. घडी मोडायची राहिलीय," साडीला हात न लावताच लंकाबाई म्हणाली.

"मग तूच मोड. नेस लवकर," वत्सलाबाईने बाहेर बघत दटावलं.

शिपाई म्हणून वत्सलाबाईची सगळी नोकरी तुरुंगातल्या बायकांमध्ये गेली, पण फाशीची शिक्षा झालेली बाई तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आली होती. अशा बाईला साडी देत नाहीत. साडी लांब असते आणि खिडकीला गज असतात. जीव घ्यायचा तर तो सरकारने, बाईने स्वतःचा घ्यायचा नाही, असा सगळा न्याय. म्हणून लंकाबाई कित्येक वर्षं आखूड झग्यात होती, डोक्यावर पदर नाही. सवतीची दोन लेकरं तिने विहिरीत ढकलली होती आणि ते तिने कधी नाकारलं नव्हतं. वत्सलाबाईला तिची कणव यायची, मग ती लेकरं आठवायची आणि स्वतःचाच राग यायचा.

खरी धास्ती वेगळीच होती. दिल्लीला दयेचा अर्ज गेला होता. तो फेटाळला, तर लंकाबाईला धरून न्यायचं काम बाई शिपायाचंच.

"बाईला कुठं फाशी देत्यात? कधी ऐकलंय का?" जोडीदारीण भागीबाई म्हणायची.

"मग शिक्षा तरी कशाला सुनावतात?" वत्सलाबाई विचारायची. शेवटी वत्सलाबाईने साहेबांकडे बदली मागितली होती.

आणि आज लंकाबाईची मुलगी शुभांगी येणार होती. येवल्याला मामाकडे राहून पैठणीच्या मागासाठी रेशमाच्या कांड्या भरणारी ही पोर, आईला अटक झाल्यापासून पहिल्यांदाच भेटायला येत होती. "लेकीपुढं उघड्या डोक्यानं नको वाटतं," एवढंच लंकाबाई बोलली होती. जुनेर द्यायला मन होईना, म्हणून वत्सलाबाईने भाऊबीजेची जांभळी साडी पिशवीतून लपवून आणली. नव्या साडीची घडी मोडायला भाग्याची बाई बघतात. ही कसली भाग्याची, असं मनात आलं आणि तिने ते तिथंच दाबलं.

लंकाबाईने झग्यावरूनच गाठ मारली, निऱ्या घातल्या, डोक्यावर पदर घेतला. तिला हात लावावा लागला नाही, याचं वत्सलाबाईला बरं वाटलं. त्या मानेजवळ हात न्यायची तिला भीती वाटायची.

शुभांगी गजांपाशी आली. मग तिने पदराचं टोक चिमटीत धरून बघितलं.

"आई, तुझीच का गं साडी?"

"माझीच," लंकाबाई म्हणाली.

वेळ संपली. भागीबाई पोरीला फाटकाकडे घेऊन गेली, आणि तेवढ्यात साहेबांचा निरोप आला, वत्सलाबाईंनी आत्ताच्या आत्ता यावं. नकार कसा देणार? कोठडीला कुलूप आणि आत साडी, तशीच ती निघाली.

"तुमच्या बदलीचं जमतंय. मोठ्या फाटकावर जागा आहे. काय सांगताय?" साहेब खुशीत होते. वत्सलाबाईच्या डोळ्यांपुढे कोठडीच्या खिडकीचे गज येत होते. लेकीची भेट झाली, आता त्या बाईचं जगायचं काय उरलं? आणि साडी कुणी दिली, हे सगळ्यांना कळणारच.

"उद्या सांगते, साहेब," म्हणून ती सुटली आणि अंगणातून या वयात धावली.

लंकाबाई झग्यात, भिंतीला टेकून बसली होती. साडी चारी टोकं जुळवून, दुकानातून आणल्यासारखी घडी करून गजांपाशी ठेवली होती.

"तुमच्या जिवाला घोर नको म्हून लगेच सोडली," ती म्हणाली.

वत्सलाबाई खाली बसली. तिने साडी उचलून पिशवीत घातली.

"बाई, एक इचारू? त्या दिवशी ही नेसू देतील का मला?"

वत्सलाबाईने उघडं डोकं बघितलं, बारीक झालेली मान बघितली. नियम तिला पाठ होता. उद्या साहेबांना काय सांगायचं, तेही आता तिला कळलं.

"मी नेसवीन," ती म्हणाली आणि गजांतून हात घालून लंकाबाईच्या मानेवर आलेले केस तिने नीट मागे सारले.