डावा डोळा

"रक्त स्वच्छ झालं म्हणता, मग तोंड का असं पाडून उभ्या आहात?" हिल्केनं विचारलं.

डॉ. विर्समा तिच्याजवळ टेकल्या. "बुरशी रक्तात सापडली की आम्ही डोळे तपासतोच, तक्रार नसली तरी. सीब्रेनच्या डाव्या डोळ्यात पांढरे ठिपके दिसलेत."

लेउवार्डन शहराच्या इस्पितळात तिच्या नवऱ्याचं, सीब्रेनचं, आतडं फुटल्याचं ऑपरेशन झालं, आणि तो अतिदक्षता विभागात असताना पोटातली बुरशी रक्तात उतरली. मानेतली सलाईनची नळी काढली, औषध सुरू झालं, ताप गेला. हिल्केचा जीव जरा भांड्यात पडतोय, तोवर हे.

"मग औषध वाढवा की."

"हे औषध डोळ्यात पोचतच नाही. पोचणाऱ्या साध्या गोळीला ही बुरशी दाद देत नाही. तिसरं औषध आहे, डोळा कदाचित वाचवेल. पण ते मूत्रपिंडांवर ताण आणतं, आणि त्यांची मूत्रपिंडं आधीच जेमतेम चालताहेत. ती बंद पडली, तर ते घरी येतील असं मी सांगू शकत नाही."

"आणि आहे तेच ठेवलं तर?"

"डोळ्यात सुईनं औषध देऊ. उजवा राहील. डाव्याची आशा मी दाखवणार नाही."

"आहे तेच ठेवा. त्याला विचारू नका, डॉक्टर."

"ते शुद्धीत आहेत, हिल्के. त्यांना विचारल्याशिवाय चालणार नाही."

हिल्केला धडकी भरली. उभा जन्म हा माणूस समुद्राच्या बंधाऱ्यावर बसून पक्षी मोजत आला. लग्नाच्या दिवशीसुद्धा चर्चच्या दारात थांबून आकाशात बघत होता. तो डोळाच मागणार, आणि आपण रिकाम्या घरी जाणार, याची तिला खात्रीच होती.

डॉक्टरांनी सीब्रेनला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. घशातल्या नळीमुळे त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं डावा डोळा मिटला, मूठ पोकळ करून उजव्या डोळ्याला लावली आणि त्या दुर्बिणीतून थेट हिल्केकडे पाहिलं.

"घरी यायचंय तुला?" हिल्केनं विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मेल्या, मला वाटलं..." तिनं त्याची मूठ दोन्ही हातांत धरली आणि मनसोक्त रडून घेतलं.

डॉक्टर गेल्यावर तिनं डोळे पुसले. मग खुर्ची उचलली आणि पलंगाला वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला मांडली.