बसू न दिलेला गाळ

“आपल्याच घरात आपली बाटली मिळंना माणसाला,” कॉटवरून सर्जेराव पुटपुटले. “एवढ्या दिसात हौदाचा गाळ बसला असता.”

दाराआड मेथी निवडणाऱ्या रत्नमालेनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. हल्ली या घरात सगळे तेच करत होते.

बाटली फ्रान्सची, लाल वाइनची. तनुजा जन्मली त्या साली कारखान्यातल्या फ्रेंच साहेबानं सर्जेरावांना दिलेली. पोरीच्या लग्नात उघडा, म्हणाला होता. तोवर अंधारात, गारव्यात, आडवी ठेवा. आता आपल्याकडं गारवा आणायचा कुठून? रत्नमालेनं ती ज्वारीच्या कोठीत, दाण्यांच्या पोटात निजवली आणि वर कडुलिंबाचा पाला घातला. बाटलीला कीड लागत नाही हे तिलाही कळत होतं, पण पाला घातल्याशिवाय तिच्यानं झाकण लावलं जायचं नाही.

लग्न मार्गशीर्षात ठरलेलं. आता वैशाख चालू होता. सर्जेरावांना दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, “खावं-प्यावंसं वाटेल ते द्या.” आणि त्यांना नेमकी बाटली आठवली.

तनुजा जालना रोडवरच्या एका हॉटेलात टेबलं सांभाळायची, तिला यातलं कळत होतं. तिनं बाटली कोठीतून काढून ओट्यावर उभी केली. “जुन्या वाइनला गाळ असतो, आई. दिवसभर उभी ठेवली की तो तळाला बसतो. मग हळूच ओतायची. हलवली तर सगळी गढूळ.”

रत्नमालेनं त्यातलं शेवटचं तेवढं उचललं. रोज सकाळी, सगळे उठायच्या आत, ती ओट्यावरची बाटली ताक घुसळल्यागत हलवायची. मग तनुजा मोबाइलची बॅटरी काचेमागं धरायची, तर आत लाल धुरळा.

“आजपण नाही बसला.”

“राहू दे मग. लग्नातच उघडू. हे फेटा बांधून बसतील अन् सोयऱ्यांना स्वतः ओततील.”

बाटली बंद होती तोवर मार्गशीर्ष यायचा होता आणि तिचा माणूस घरात असणार होता. असं कुणी सांगितलं नव्हतं. रत्नमालेनंच ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तनुजा लवकर उठली. ओट्यापाशी बाटली छातीशी धरून आई जोरजोरात हलवत होती.

“आई! काय करतीस?”

“गाळ... गाळ बघत होते.”

“मला रोज ऐकू येतंय,” कॉटवरून आवाज आला. “बांगड्या वाजतात तुझ्या.”

रत्नमाला बाटलीसकट कॉटपाशी गेली. “मग बोलला का नाही?”

“तू हलवतीस तवर बरं वाटत व्हतं.”

तनुजा बूच काढायचा स्क्रू घेऊन आली. बूच अर्धं निघालं, अर्ध्याचा भुगा आत पडला. शेवटी वाइन पुरणाच्या फडक्यातून गाळली. “हॉटेलात असं केलं तर घरी बसवतील मला,” ती म्हणाली, पण हसलं कुणीच नाही.

“आधी वास घ्या, बाबा. घाई नको.”

सर्जेरावांनी ग्लासात नाक घातलं. बराच वेळ डोळे मिटलेले. “अंजीर,” ते म्हणाले. “दौलताबादच्या रस्त्याला टोपलीत वाळून गेलेलं.” मग घोट घेतला. “आंबलीय जराशी. पण हाय. अजून हाय.”

“लवकर प्या बाबा, जुनी वाइन एकदा उघडली की...” तनुजा तिथंच अडखळली.

सर्जेरावांनी ग्लास पुढं केला. “घे, रत्ना.”

“मी? अवं, चूळ नाही भरली अजून.”

“घे म्हणतो ना.”

तिनं घेतला. जीभ कच्चं जांभूळ खाल्ल्यागत आवळली. मग खूप मागून, उशिरानं, काहीतरी गोड आलं आणि तोंडात थांबलं.

“कशी हाय?”

“लग्नात एवढ्या लोकांना पुरली नसती,” ती सवयीनं म्हणाली. मग तिनं ग्लास त्यांच्या हातात दिला, त्यांची बोटं त्याच्याभोवती एकेक करून बसवली, आणि वरून आपला हात तसाच ठेवला.

“लग्नाला तुम्ही नसणार,” ती म्हणाली.